निबंध रस्त्यालाही लिहायला लावा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेनं मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. दोघंही ऐन विशीतले, दोघंही माझ्याच धंद्यातले, सॉफ्टवेअर इंजिनियर. पुढचं तुम्हाला पाठ असेल. अल्पवयीन चालक, तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन, रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप, पबवरची कारवाई, टीव्हीवरच्या चर्चा. त्या निबंधावर देशभर मीम्स झाले. लोकांचा राग योग्यच होता. ज्यांचा दोष सिद्ध होईल त्यांना शिक्षा व्हायलाच हवी.

पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न फारसा ऐकू आला नाही. शहराच्या भर वस्तीत, जिथं लोक रात्री जेवून घरी परततात, तिथं एखादी गाडी महामार्गाच्या वेगानं जाऊच कशी शकते? माणूस कितीही बेदरकार असला तरी वेग घ्यायला त्याला रुंद, सरळ, मोकळा रस्ता लागतो. तो रस्ता कुणीतरी आखलेला असतो, कुणीतरी मंजूर केलेला असतो, त्याची बिलं कुणीतरी काढलेली असतात. त्यांच्यापैकी कुणालाही तीनशे शब्द लिहायला सांगितले नाहीत.

आपल्याकडे माणसं बेशिस्तीमुळे मरतात, असं आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलोय. त्या एका वाक्याच्या आडोशानं रस्ते आखणारे दर वेळी सुटतात. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

माझ्या कामात अशी सुटका मिळत नाही. सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बसतो आणि काय घडलं ते मिनिटामिनिटानं लिहून काढतो. तिथं 'युजरनं चुकीचं बटण दाबलं' असं लिहून मोकळं होता येत नाही. ते बटण तिथं का होतं, दाबल्यावर 'नक्की?' असं का विचारलं नाही, एका चुकीनं सगळा डेटा कसा काय उडाला, हे विचारलं जातं. एका युजरनं चूक केली तर ती त्याची असू शकेल. हजार युजर तीच चूक करत असतील तर चूक बटणाची आहे, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या फ्रेशरलाही कळतं. आणि आमच्या चुकीनं फार तर कुणाचं पेमेंट अडकतं.

आता रस्त्यांचा हिशेब बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे दर दहा मृतांमागे सहाहून अधिक जणांच्या भोवती पत्रासुद्धा नव्हता. महाराष्ट्रातला आकडा १५,२२४. ही माणसं कशामुळे मेली, याचं उत्तर देणारा तक्ता अहवालात आहे. त्यातले रकाने असे: अतिवेग, दारू पिऊन चालवणं, चुकीच्या बाजूनं येणं, सिग्नल तोडणं, मोबाइल. अतिवेगाच्या खात्यात ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू जमा आहेत. सगळे रकाने चालवणाऱ्याच्या नावाचे. 'रस्ता असा आखला होता की वेग येणारच' असा रकाना तिथं नाही. फॉर्ममध्ये जे फील्डच नाही त्याचा डेटा कुठून येणार? त्याच अहवालात सुमारे दोन-तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झालेले दिसतात. वळण नाही, घाट नाही, सरळ रस्ता.

वेगाचं गणित अकरावीच्या फिजिक्समधलं आहे. समोर मूल आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरवर त्या सेकंदात गाडी ८ मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरवर थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ६० वर त्याच सेकंदात गाडी १६ मीटरहून जास्त पुढं गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथं थांबली, तिथं दुसऱ्या गाडीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलासुद्धा नसतो. ती मुलाला पूर्ण ६० नं धडकते, तेही चौपट ऊर्जेनं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. यात दोन्ही चालक सारखेच सावध, सारखेच सज्जन धरले आहेत. फरक फक्त वेगाचा.

म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानं, जिथं पायी आणि सायकलवरची माणसं गाड्यांमध्ये मिसळतात, तिथं कमाल वेग ३० ठेवा असं सांगितलं. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ७० आणि मोटरसायकलला ६० पर्यंत मुभा आहे. राज्य सरकार ती मर्यादा खाली आणू शकतं. आधी ७० चा परवाना द्यायचा आणि मग 'अतिवेगामुळे मृत्यू' असं छापायचं, अशी ही व्यवस्था आहे.

अर्थात नुसता ३० चा बोर्ड लावून कुणी हळू जात नाही. चालवणारा बोर्डाआधी रस्ता वाचतो. आपल्याकडची बस जास्तीत जास्त २.६ मीटर रुंद असते. तिला गावात तीन-सव्वातीन मीटरची लेन पुरते. साडेतीन मीटरची लेन महामार्गासाठी ठीक. ती शाळेसमोर आखली की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. चौकाचा कोपरा ऐसपैस गोल केला की गाडी वेग न सोडता वळते, काटकोनाच्या जवळ आणला की वेग सोडावाच लागतो. झेब्रा पट्टे फुटपाथच्या उंचीला उचलून घेतले की तेच गतिरोधक होतात आणि व्हीलचेअरलाही चढ-उतार राहत नाही. रस्त्याच्या मध्ये उभं राहायला सुरक्षित जागा दिली की एका वेळी एकाच बाजूची वाहतूक बघून ओलांडता येतं. यात रॉकेट सायन्स काही नाही. सिमेंट, पट्टे आणि थोडी अक्कल लागते.

आता जरा गावाकडे. मी वाढले ते तालुक्याचं गाव आहे, आणि त्याच्या मधून राज्य महामार्ग जातो. काही वर्षांपूर्वी त्याचं काँक्रिटीकरण झालं. आधी खड्डे होते, गाड्या रांगत होत्या. आता रस्ता टेबलासारखा सपाट आहे. एका बाजूला शाळा आणि बसस्टँड, दुसऱ्या बाजूला बाजार आणि दवाखाना. रस्ता या काठापासून त्या काठापर्यंत २४ मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हणजे त्याला ओलांडायला २० सेकंद लागतात. माझी आजी ०.८ मीटरनं चालते, तिला ३० सेकंद. ६० नं येणारी गाडी ३० सेकंदांत अर्धा किलोमीटर कापते. याचा अर्थ असा की आजीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा जी गाडी पेट्रोल पंपापलीकडे दिसतही नव्हती, ती तिला मध्यावर गाठते. आजी आता दवाखान्यात एकटी जात नाही. कुणीतरी दुचाकीवरून सोडेल याची वाट बघते. रस्ता झाला, आजीचं चालणं संपलं. अपघातांच्या कुठल्याच आकड्यात हे येत नाही, कारण जी माणसं घाबरून घरातच बसतात ती रस्त्यावर मरत नाहीत.

तिथं उंच झेब्रा क्रॉसिंग आणि मध्ये थांबायला जागा मिळावी म्हणून मी ऑनलाइन तक्रार केली. एकवीस दिवसांनी स्टेटस बदललं: 'निकाली'. खाली शेरा होता, 'वाहनचालकांना शिस्त लावणेबाबत संबंधितांस कळविण्यात आले आहे.' इंजिनियरिंगच्या प्रश्नाला नागरिकशास्त्राचं उत्तर. माझ्या टीममध्ये असं तिकीट कुणी क्लोज केलं असतं तर ते पाच मिनिटांत परत उघडलं गेलं असतं.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कुणाला हे माहीतच नसेल. माहीत आहे, चांगलं माहीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं स्पष्ट आहे. गाड्यांऐवजी माणसांची ने-आण हा विचार राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात २००६ पासून आहे. पुणे महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण आणि रस्ते आखणीची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, आठशे किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा. दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिनही साजरा होतो. वर्षाचे उरलेले ३६४ दिवस कुणाचे, हे पेठेतल्या कुणालाही विचारा.

पैसे नाहीत, असंही नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून चौदा-पंधरा वर्षं झाली आणि २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला गेला. पूल बांधायला, पाडायला आणि परत नवा बांधायला पैसे असतात. फुटपाथवरचा डीपी बॉक्स दोन मीटर सरकवायला नसतात.

आणि जिथं केलं, तिथं जमलं. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ, बसायला बाकं, झाडांना जागा अशी नवी आखणी झाली, तेव्हा 'पार्किंग गेलं' म्हणून बोंब झाली होती. आज तिथं संध्याकाळी आज्या बसतात, पोरं खेळतात. हे तेच पुणेकर आहेत, ज्यांना शिस्त नाही म्हणतात. मेट्रोच्या फलाटावर हेच लोक पिवळ्या रेषेमागं उभे राहतात. दार उघडल्याशिवाय कुणी डब्यात घुसत नाही, कारण घुसताच येत नाही. वागणं जागेप्रमाणे बदलतं.

'तिकडची माणसंच वेगळी' हा पुढचा डायलॉग. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा तिथले चौकही गाड्यांनी भरलेले होते. लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या घोषणेचा अर्थ होता 'मुलांचे खून थांबवा'. 'अपघात' हा शब्द त्यांनी वापरलाच नाही. त्यानंतर अनेक दशकं खपून त्यांनी रस्ते बदलले. आता तिथला वर्षाचा आकडा सातशेच्या आसपास असतो. दरम्यान डच लोकांच्या रक्तात काही बदल झाला नाही.

तिसरा आक्षेप फेरीवाल्यांचा. फुटपाथ मोकळे करायचे म्हटलं की पहिली गाडी उचलली जाते ती भाजीची. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्यानं जागा ठरवून द्यायची आहे, ती द्या आणि मग नियम पाळायला लावा. पण त्याच फुटपाथला लागून उभी असलेली मोटार बारा-तेरा चौरस मीटर सार्वजनिक जमीन दिवसभर फुकट वापरते, तिला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. भाजीवालीला पावती फाडावी लागते, एसयूव्हीला नाही. पुण्यात २०१८ मध्ये पार्किंगला पैसे लावायचं धोरण आलं, तेव्हा सगळ्या पक्षांना अचानक सामान्य माणूस आठवला. तो सामान्य माणूस बसस्टॉपवर उभा होता. त्याच्याकडे मोटार नव्हती.

मग करायचं काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८ अ आलं. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण त्यामागचं तत्त्व मोठं आहे: रस्ताही आरोपी असू शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. कायदा आहे, मानकं आहेत, निकाल आहे. नाही ती फक्त सवय.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली, शहर-गावांच्या वस्तीतल्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा, आणि ती बोर्डानं नव्हे तर रस्त्याच्या आखणीनं. दुसरी, रस्त्यावर माणूस मेला की तीस दिवसांच्या आत त्या जागेची तपासणी, आणि तिचा अहवाल सर्वांना वाचता येईल असा मराठीत. त्यात लेन किती रुंद होती, फुटपाथ किती होता, दिवा चालू होता का, ओलांडायची जागा किती दूर होती, हे मोजून लिहायचं. तिसरी, त्या अहवालावर आखणी मंजूर करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, आणि काय बदललं त्याचा फोटो. चालकावरचा खटला त्याच्या गतीनं चालू दे. रस्त्याची दुरुस्ती निकालाची वाट बघत बसू नये, कारण त्याच जागेवरून उद्या सकाळी शाळेची रिक्षा जाणार आहे.

यातला एक भाग तुम्हीही करू शकता. हातात फोन आहे. त्यात मोजायचं ॲप आहे, कॅमेरा आहे, लोकेशन आहे. तुमच्या घरापासून बसस्टॉपपर्यंतचा फुटपाथ एकदा मोजा. १.८ मीटर भरतो का बघा. भरत नसेल तर फोटो, आकडा आणि मानकाचा क्रमांक, आयआरसी १०३, असं तिन्ही लिहून पाठवा. 'फुटपाथ खराब आहे' असं लिहू नका, त्याला उत्तर मिळतं. '०.७ मीटर आहे, १.८ हवा' असं लिहा, म्हणजे 'शिस्त' हे उत्तर देता येणार नाही. मतं मागायला कुणी दारात आलं तर तोच आकडा त्यांना दाखवा आणि कधीपर्यंत, एवढंच विचारा.