सांताक्लॉज आणि शेजारचे मूल

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला, की ठाण्यापासून कल्याणपर्यंत स्थानकांबाहेर लाल टोप्यांचे ढीग दिसू लागतात. दिवाळीत जेथे पणत्या आणि आकाशकंदील मांडलेले होते, त्याच पदपथावर आता कापसाच्या दाढ्या, प्लॅस्टिकची झाडे आणि चमकत्या चांदण्या विकावयास येतात. संध्याकाळच्या लोकलमधून अंग चोरीत उतरलेला डोंबिवलीकर कारकून घाईतही क्षणभर तेथे थांबतो. कारण घरी मुलाने मोजा टांगण्यासाठी खिळा मारून मागितलेला असतो. ख्रिस्ती नसलेल्या कितीतरी घरांत २४ डिसेंबरची रात्र आता अशी साजरी होते. आपल्याकडे धुराडे नाही, मग सांताक्लॉज येणार कोठून, ह्या प्रश्नाला ‘गॅलरीतून’ असे उत्तर आईने देऊन टाकलेले असते आणि मुलाला ते पटलेलेही असते.

ह्या प्रकारावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. ज्या डोंबिवलीने गेल्या शतकाच्या अखेरीस गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचा पायंडा पाडला, तेथे हे परके खूळ कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला हा आक्षेप फारसा वजनदार वाटत नाही. लहान मुलाला एक रात्र कुतूहलाने जागे ठेवणारी गोष्ट कोणत्या देशातून आली, ह्याची झडती घेण्याचे कारण नाही. आक्षेप घ्यावयाचाच, तर तो निराळ्या गोष्टीवर घेतला पाहिजे.

मुलाला आपण सांगतो, शहाण्यासारखे वागलास तर सांता भेट आणील. सुटी संपून शाळा भरते आणि वर्गात बाई हौसेने विचारतात, ‘सांताने कोणाला काय दिले?’ एकाला सायकल मिळालेली असते, दुसऱ्याला रंगपेटी. तिसऱ्या बाकावरची मुलगी मात्र मान खाली घालून बसते. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. त्यांतले एखादे घर सायकलवाल्याचेही असू शकेल. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या, त्यामुळे ही दोन मुले एका बाकावर येऊ लागली. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु त्या मुलीने आपल्यापुरते जे गणित मांडले असेल, त्याचा विचार कोणी केला आहे काय? चांगल्या मुलांना भेट मिळते. मला मिळाली नाही. म्हणजे मी चांगली नाही. ह्या गणितात तिची चूक काहीच नाही. उदाहरण घालणाऱ्यांची आहे.

आश्चर्य असे, की ज्या सत्पुरुषाच्या नावावर हे चालते, त्याच्या मूळ कथेत असला हिशेब मुळीच नाही. संत निकोलस हे चौथ्या शतकातील मायरा येथील बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येते. आख्यायिका सांगते, की एका निर्धन गृहस्थाला तीन मुली होत्या आणि त्यांच्या लग्नासाठी त्याच्यापाशी कवडी नव्हती. निकोलसांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. त्या मुली शहाण्यासारख्या वागत होत्या की नाही, ह्याची चौकशी त्यांनी केली नाही. गरज पाहिली, दिले आणि आपले नाव कळू दिले नाही. डच लोकांच्या सिंटरक्लासमधून हे चरित्र अमेरिकेत गेले. तेथे १८२३ मध्ये एका वृत्तपत्रात निनावी छापल्या गेलेल्या कवितेने त्याला घसरगाडी आणि सांबरे दिली, १८६३ पासून टॉमस नास्ट ह्या व्यंगचित्रकाराने त्याचे पोट वाढविले आणि १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी त्याचा लाल पोशाख घरोघर नेला. एवढ्या प्रवासात बिशपांचे गुप्तदान मागे पडले असल्यास नवल नाही.

पण नाताळची तयारी पाहण्यासाठी आपल्याला तुर्कस्तान किंवा अमेरिकेपर्यंत जावयास नको. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीजांच्या काळापासून ठाण्यात उभे आहे. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज, जसे पाव आणि चावी. (आपण महिनाभर ज्याची वाट पाहतो, तो पगारही त्यांचाच म्हणतात!) पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा होईपर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती, आणि दिव्याहून गाडीत बसले की आजही तेथे सहज पोहोचता येते. तेथील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत आगमनकाळाच्या चार आठवड्यांत घराची झाडलोट होते. तरुण पोरे गवत आणि बांबू जमवून ख्रिस्तजन्माचा गोठा उभारतात. स्वयंपाकघरात करंज्या, कुलकुल, नानकटाई ह्यांचे घाणे निघतात. आणि मग रुमालाने झाकलेले ताट शेजारी जाते. शेजारी कोणत्या धर्माचा, हे न पाहता जाते. आपल्या मुलांना उत्तर ध्रुवावरचा म्हातारा ठाऊक असावा आणि शतकानुशतके आपल्याच भाषेत प्रार्थना पुटपुटणारा हा शेजारी ठाऊक नसावा, ह्याला काय म्हणावे?

तेव्हा घरी सांताला बोलवावयाचेच असेल, तर खुशाल बोलवावे. मात्र तयारी थोडी निराळी करावी. शहाणपणाची अट काढून टाकावी. मोज्यात मावेल एवढीच वस्तू ठेवावी, एखादे पुस्तक किंवा रंगीत खडूंची डबी. महागडी वस्तू द्यावयाची असल्यास ती आईबापांनी आपल्या नावाने वाढदिवसाला द्यावी, तिचे श्रेय सांताला देऊ नये. आणि मुलाच्या हातून आणखी एक पुडके बांधून घ्यावे, ओळखीच्या अशा एखाद्या मुलासाठी, ज्याच्या घरी कोणी येणार नाही. वर नाव घालू नये. वापरून जुनी झालेली खेळणी ह्या निमित्ताने कपाटातून काढण्याचा मोह पुष्कळांना होतो, तोही टाळावा. ते दान नव्हे, साफसफाई आहे. सात-आठ वर्षांचे मूल हे गुपित अभिमानाने सांभाळते. सांता खरा नाही हे त्याला पुढे कळते, तेव्हा फसवले गेल्याचे दुःखही त्याला होत नाही, कारण तोवर ते स्वतःच सांता झालेले असते.

शिक्षकांना एवढीच विनंती, की सुटीनंतर वर्गात तो प्रश्न विचारू नये. विचारावयाचेच, तर सुटीत काय वाचले, कोणाकडे जेवलात, गोठा पाहिलात काय, असे विचारावे. ह्या प्रश्नांना तिसऱ्या बाकावरची मुलगीही उत्तर देऊ शकेल.

आणि इमारतीत एखादे ख्रिस्ती कुटुंब असेल, तर २५ तारखेला मुलांना घेऊन त्यांच्याकडे जरूर जावे. ते फराळाचे ताट देतीलच. आपल्याकडे ताट रिकामे परत करावयाची रीत नाही; पण त्याची चिंता नको, तीन आठवड्यांत संक्रांत येते आणि घरात तिळगूळ असतो.