तोंड आले म्हणून उपचार सोडू नका

तोंड आले की आपण उष्णता वाढली म्हणतो, तूप लावतो आणि विसरतो. कॅन्सरच्या उपचारात येणारे तोंड मात्र इतके साधे नसते. माझ्या मते आपल्या भागात त्याकडे रुग्णही पुरेसे लक्ष देत नाहीत आणि आम्ही डॉक्टरही.

केमोथेरपीचे सलाईन घेतल्यावर साधारण पाच ते दहा दिवसांनी तोंड सोलवटते. तोंड-घशाला किरणोपचार, म्हणजे लोकांच्या भाषेत 'शेक', सुरू असेल तर दोन-तीन आठवड्यांनी. घास गिळवत नाही, वजन उतरते आणि रुग्ण मध्येच गावी परततो. खरा धोका इथेच आहे. शेकात खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते.

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तीत आपले भूम व परंडा तालुके होते. १९९९ साली जिल्ह्यात सुरू झालेल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या अभ्यासात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. रोग शोधण्याच्या कामात आपला जिल्हा असा पुढे राहिला. मग सापडलेल्या रोगाचे उपचार तोंडाच्या फोडांपायी अर्धवट का राहावेत?

उपाय घरचेच आहेत. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालावा. जेवणानंतर व झोपताना धरून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी, पाणी गिळू नये. ते रोज ताजे करावे. ब्रश अगदी मऊ असावा. मिश्री, तंबाखू, गुटखा, दारू पूर्ण बंद. मऊ भात, मुगाचे वरण, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज कोमट करून द्यावी. ठेचा, चिंच, लिंबू दूर ठेवावे. लवंगेचे तेल किंवा तुरटी लावू नये.

एवढ्यानेही भागले नाही, तर जेवणापूर्वी लावायचे बधिर करणारे औषध व वेदनाशामक डॉक्टरांकडून मागून घ्यावे. तोंडात पांढरे चट्टे दिसले, ताप आला किंवा पाणीही गिळवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. केमोथेरपीच्या काळातला ताप अंगावर काढणे जिवावर बेतू शकते.

आम्हा डॉक्टरांनी दर भेटीत रुग्णाचे तोंड उघडून पाहिले पाहिजे. ते राहिले, तर नातेवाइकांनी निःसंकोच आठवण करून द्यावी.