कार्ड वाटायला जाऊ नका, हिशेब मागायला जा

दरवर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘ग्लोबल फिनटेक फेस्ट’ ही तीन दिवसांची परिषद भरते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन (एनपीसीआय), पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया आणि फिनटेक कन्व्हर्जन्स कौन्सिल या संस्था ती भरवतात. बँकवाले, विमावाले, स्टार्टअपवाले, गुंतवणूकदार आणि रिझर्व्ह बँकेचे अधिकारी तिथे एका छताखाली भेटतात. २०२५ ची परिषद ७ ते ९ ऑक्टोबरला झाली. शेवटच्या दिवशी आपले पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर दोघेही तिथे हजर होते.

वणीहून हे ठिकाण २०० किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघालो तर दुपारी पोहोचतो. पण वणीतल्या, दिंडोरीतल्या, पिंपळगावातल्या आपल्या बी.कॉम. आणि एम.बी.ए. झालेल्या मुलामुलींना विचारा, या परिषदेला जावंसं कधी वाटलं का? बहुतेकांचं उत्तर एकच असेल, ‘ते आपलं काम नाही.’

ते आपलंच काम आहे, आणि ते आपण आजवर दुसऱ्यांवर सोडलं याची किंमत आपली घरं मोजत आहेत. म्हणून हा लेख.

६ सप्टेंबर २०२३ रोजी याच परिषदेत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांच्या हस्ते काही नव्या सोयी सुरू झाल्या. यूपीआयवरच बँकेची कर्जमर्यादा वापरता येणं, बोलून पैसे पाठवणं, इंटरनेट नसताना फोन फोनला लावून पैसे देणं. वणीच्या बाजारात केळीच्या गाडीवर क्यूआर कोड लटकतो, त्या कोडवर पुढच्या वर्षी काय चालेल हे त्या सभागृहात जाहीर होतं. गाडी आपली, गिऱ्हाईक आपलं, पैसा आपला. नियम मात्र अशा ठिकाणी आकार घेतात, जिथे आपल्यातलं जवळजवळ कुणी नसतं.

न जाण्याची आपली पहिली सबब धर्माची असते. ‘तिथे सगळा व्याजाचा धंदा, आपण कशाला जायचं?’ व्याज घ्यावं की नाही, द्यावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. त्यावर उलेमांशी बोला. पण पेमेंट, विमा, निर्यातीची बिलं, हिशेबतपासणी, जीएसटी, सायबर सुरक्षा हे सगळं याच क्षेत्रात येतं आणि नोकऱ्याही तिथेच आहेत. शिवाय धर्माचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या. कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज-रोज्यावर नाही. सूरह बकराची ती २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, यावर आहे. जो दीन कागद करायला सांगतो, त्याच्या नावावर आपण कागद न वाचता पैसे देतो.

कुणाला दिले ते आठवा. ‘हलाल नफा’ देतो म्हणणाऱ्या हीरा गोल्डच्या प्रमुखांना २०१८ मध्ये अटक झाली. बेंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरीचा मालक जून २०१९ मध्ये दुबईला निघून गेला आणि जुलैमध्ये परतल्यावर पकडला गेला. हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकली. मुलीच्या लग्नाचे पैसे होते, हजचे होते, निवृत्तीचे होते. आणि त्याच काळात सेबीच्या देखरेखीखाली शरियतचे निकष पाळणारे टाटा एथिकल फंड आणि शरिया बीज यांसारखे फंड बाजारात रीतसर उपलब्ध होते. त्यात पैसे घालाच असं मी म्हणत नाही, शेअर बाजारात जोखीम असतेच. पण ते अस्तित्वात आहेत हे मोहल्ल्यात सांगणारं कुणी नव्हतं. दाढी आणि ‘माशाअल्लाह’ पाहून पैसे घेणारा एजंट मात्र दारापर्यंत आला. अर्थक्षेत्रापासून लांब राहिल्याने आपण पाक राहिलो नाही, फक्त लुबाडायला सोपे झालो.

दुसरी सबब, ‘आपल्याला तिथे कोण विचारतो?’ यात तथ्य आहे आणि ते लपवायचं कारण नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवलं की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना नकारात्मक विभाग ठरवलं होतं आणि तिथे कर्ज सहजी मिळत नव्हतं. बिनव्याजी बँकिंगचा विचार करा, असं २००८ मध्ये रघुराम राजन यांच्या समितीने सुचवलं. नेहमीच्या बँकांमध्ये त्यासाठी वेगळी खिडकी उघडा, असं २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच दीपक मोहंती समितीने सुचवलं. २०१७ मध्ये माहिती अधिकारातल्या एका उत्तरात रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही, कारण बँकसेवा मिळवण्याची समान संधी सर्व नागरिकांना आहेच. ‘समान संधी आहेच’ हे वाक्य आणि सच्चर अहवालातल्या त्या वस्त्या शेजारी शेजारी ठेवून बघा.

अन्याय खरा आहे. पण त्यावर आपण केलं काय? व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलं, सभेत टाळ्या घेतल्या. रिझर्व्ह बँकेचा अधिकारी, बँकेचा वरिष्ठ व्यवस्थापक, कर्ज देणाऱ्या ॲपचा मालक एकाच इमारतीत तीन दिवस बसलेले असतात, तेव्हा त्यांच्यासमोर उभं राहून शांतपणे विचारणारा कुठे आहे? ‘तुमचं सॉफ्टवेअर कर्ज नाकारताना पिनकोड बघतं का? बघत असेल तर कशासाठी?’ पूर्वी नकाशावर लाल पेन्सिल फिरली तर निदान ती दिसायची. आज नकार संगणकातून येतो आणि कारण कळत नाही. हा प्रश्न मुसलमानापुरता नाही. आदिवासी पाड्यातल्या, दलित वस्तीतल्या माणसाचाही तोच आहे. तो विचारायला पीडित म्हणून जाऊ नका, नागरिक म्हणून जा.

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘जा’ म्हटलं की उत्साही मंडळी ‘नेटवर्किंग’ला निघतात. भाड्याचा कोट, शंभर व्हिजिटिंग कार्डं, स्टॉलवरची फुकटची पिशवी, पाहुण्यांबरोबर सेल्फी आणि रात्री लिंक्डइनवर ‘कृतज्ञ आहे’. त्याच्या भोवती आणखी एक धंदा उभा आहे. ‘तुमची ओळख हीच तुमची संपत्ती’ असं सांगत हॉटेलच्या हॉलमध्ये पाच-पाच हजारांचे सेमिनार विकणारा. छोट्या गावातली मुलं यात सगळ्यात आधी सापडतात, कारण आपल्याकडे ओळखी नाहीत हीच त्यांची बोच असते. ओळखीमुळे दार उघडतं, हे खरं. पण आत गेल्यावर समोरचा ताळेबंद मागतो.

याचा पुरावा आपल्याच तालुक्यात आहे. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे. २०२२ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या गुंतवणूकदार संस्थांनी तिच्या व्यवसायात सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. युरोपातला पैसा द्राक्षाच्या मळ्यापर्यंत आला तो कार्डांच्या अदलाबदलीने आला नाही. कुठल्या शेतकऱ्याचा माल, किती किलो, कुठल्या दर्जाचा, कुठे गेला, किती पैसे आले, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी दाखवता आल्या म्हणून आला. हस्तांदोलन नंतर झालं, वही आधी होती.

आपल्याकडे ही वहीच नाही. वणीत वेल्डिंगचं दुकान टाकलेल्या किंवा फळांचा व्यापार करणाऱ्या आपल्या भावाकडे बघा. वर्षाला लाखांची उलाढाल असते आणि कागदावर काहीच नसतं. सगळं तोंडी, सगळं रोख. द्राक्षाच्या मोसमात व्यापारी माल उचलून पसार झाला की नाशिक जिल्ह्यातला शेतकरी डोक्याला हात लावतो, कारण हातात धड पावतीही नसते. त्याच्याशी व्यवहार करणारा आपला छोटा आडत्या आणि गाडीवालाही त्यातच बुडतो. सरकारचं उद्यम नोंदणीचं पोर्टल २०२० पासून आहे, नोंदणी फुकट आहे, तरी एजंटला पैसे देऊन ती करणारे किंवा न करणारेच जास्त भेटतात.

आणि आपल्या घरातल्या बाया? भिशी चालवणारी खाला कुठल्याही बँक मॅनेजरइतकी चोख असते. कुणाचा हप्ता राहिला, कुणाला या महिन्यात जास्त गरज आहे, सगळं तिला तोंडपाठ. व्याज नाही, गहाण नाही, तरी पैसे बुडत नाहीत. परदेशात यावर शोधनिबंध लिहिले जातात. आपण त्याला ‘बायकांची बीसी’ म्हणून हसतो. दहा वर्षांच्या भिशीच्या नोंदी नीट ठेवल्या, तर ‘ही माणसं हप्ते बुडवत नाहीत’ हे कुठल्याही परिषदेत दाखवता येईल. त्यासाठी आधी त्या नोंदी असायला हव्यात.

म्हणून जायचं तर असं जा. वणी-दिंडोरी पट्ट्यातून दरवर्षी दोघांना पाठवा, त्यात एक मुलगी असलीच पाहिजे. पास महाग असतो, प्रवास आणि मुक्काम वेगळा. हा खर्च त्या दोघांच्या बापावर टाकू नका, चंदा करा. वलीम्यात एक गोड पदार्थ कमी केला तरी दोघांचं भाडं निघतं. जाणाऱ्यांनी आधी गावातल्या वीस दुकानदारांशी बोलावं. कर्ज कुठे मागितलं, का नाकारलं, ॲपवरून घेतलं तर प्रत्यक्षात किती पडलं, हे लिहून घ्यावं. म्हणजे तिथे उभं राहून मोघम तक्रार करावी लागणार नाही, हातात वीस नोंदी असतील.

प्रश्नही ठरवून न्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांवर बँकेने कर्जाची मुख्य माहिती, म्हणजे एकूण वार्षिक खर्च आणि सगळे आकार, एका पत्रकात द्यायची असते, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मग वणीतल्या कर्जदाराला ते पत्रक मराठीत का मिळत नाही, हे विचारा. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करणाऱ्या एजंटवर काय कारवाई करता, विचारा. नाशिकसारख्या जिल्ह्यातून किती मुलं नोकरीला घेतली, विचारा. उत्तर मिळालं तर लिहून घ्या. नाही मिळालं तर तेही लिहून घ्या, कुणी टाळलं ते नावासकट.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत जुम्याच्या नमाजनंतर किंवा शाळेच्या पटांगणात बसून सगळ्यांसमोर सांगा. काय पाहिलं, काय विचारलं, किती खर्च झाला. चंद्याचा हिशेब दिला नाही तर पुढच्या वर्षी कुणी रुपया देणार नाही, आणि देऊही नये.

ज्यांना मुंबईला जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी एक अर्थपरिषद गावातच भरते, पासाशिवाय. तुमच्या पतसंस्थेची, सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. कायद्याने ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिथे पाच हजारांच्या ठेवीवाल्याला आणि पाच लाखांच्या ठेवीवाल्याला, दोघेही सभासद असतील तर, एकच मत असतं. २०१६ च्या नोटबंदीत जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा बदलून द्यायला मनाई झाली आणि नाशिक जिल्ह्यातले ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी रांगेत उभे राहिले, ते विसरू नका. आपल्यातले किती सभासद त्या सभेला जातात? किती जण ताळेबंद मागून घेतात? बहुतेक जण सही करून चहा-बिस्किटावर परततात.

जो आपल्या पतसंस्थेच्या सभेत उठून प्रश्न विचारत नाही, तो बीकेसीत जाऊनही फोटोच काढेल. सरावाची जागा इथे आहे. सभेची नोटीस येईल तेव्हा ती रद्दीत टाकू नका. ताळेबंदाचं पान उघडा, थकबाकीचा आकडा शोधा, त्याखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि सभेच्या दिवशी पुढच्या रांगेत बसा.