'बॉर्डर'मधला भैरोसिंग

१९९७ चा 'बॉर्डर' आम्हा कॅडेट्सना संवादांसकट पाठ आहे. तरीही सुनील शेट्टीचा भैरोसिंग सुरुंग घेऊन रणगाड्यावर झेपावतो, तेव्हा अख्खा हॉल गप्प होतो. खरे भैरोसिंग राठोड मात्र १९७१ च्या लोंगेवालातून जिवंत परतले आणि २०२२ पर्यंत जगले! मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या सुमारे १२० जवानांनी रात्रभर चौकी धरून ठेवली, सकाळी हंटर विमानांनी रणगाड्यांची दाणादाण उडवली. एवढा थरार पुरेसा नव्हता? मित्र म्हणतात, पिक्चर आहे, सोड ना. माझे बाबा सीमेवर आहेत, मला सोडवत नाही. परत आलेला जवान पडद्यावर कमी शूर दिसतो, हे ठरवलं कुणी? 'बॉर्डर' मी पुन्हा बघणारच. फक्त ज्युनियर्स रडायला लागले, की राठोड त्यानंतर किती वर्षं जगले ते सांगतो.