मूत्रपिंड निकालाची वाट पाहत नाही

1986 सालच्या कन्नडसक्तीविरोधी लढ्यात ज्यांनी ऐन विशीत लाठ्या झेलल्या, ते आमचे सहकारी आज साठीला येऊन ठेपले आहेत. त्यांतील कित्येकांच्या खिशात आता मधुमेहाच्या गोळ्या असतात. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यालाही वीस वर्षे उलटून गेली. तरी त्यांचा धीर सुटलेला नाही. हा धीर सीमाबांधवांचे भूषण होय. परंतु स्वतःच्या देहाच्या बाबतीत तोच धीर घातक ठरतो, हे आज आम्हांस निक्षून सांगावयाचे आहे.

देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीतून 2023 साली उघड झाले. मधुमेह्यांपैकी दर तिघांत सुमारे एकाला मूत्रपिंडाचा विकार जडतो. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब त्यांना वर्षानुवर्षे झिजवीत राहतात. प्रारंभी वेदना नसते, सूजही नसते. पाय सुजू लागतात तोवर बहुधा पुष्कळ हानी होऊन चुकलेली असते.

या घरभेद्याला वेळीच पकडण्यास दोन साध्या तपासण्या पुरतात. एक, लघवीतील अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी असलेले प्रमाण. दुसरी, रक्तातील क्रिएटिनिनवरून वय व लिंग ध्यानी घेऊन काढलेली मूत्रपिंडाची गाळणक्षमता. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात निदान होताच आणि पुढे दरवर्षी या दोन्ही केल्या पाहिजेत. क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे अल्ब्युमिन 30 मिलिग्रॅम वा अधिक आढळले, तर तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी. कारण ताप किंवा लघवीतील जंतुसंसर्ग यांनीही आकडा तात्पुरता चढतो. लघवीत बुडवावयाच्या नेहमीच्या पट्टीला ही अल्प गळती बहुधा दिसत नाही. विकार आरंभीच कळला, तर साखर व रक्तदाब आवरून आणि मूत्रपिंडाचे रक्षण करणारी औषधे देऊन त्याची गती मंदावता येते. मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही मग डॉक्टर बंद करावयास लावतात.

महाराष्ट्र शासनाने 2023 साली महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, तो उचितच होता. पण ती योजना रुग्णालयातील उपचारांची. आठवड्यातून बहुधा तीनदा, प्रत्येक वेळी चार-चार तास डायलिसिसला खिळून राहण्याची पाळी आल्यावर धावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आग लागते ती गावात, आणि गावातील प्राथमिक आरोग्य केंद्र कर्नाटक सरकारच्या हाती आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजली की काम संपले, ही रीत तेथे पुरेशी नाही. लघवीची तपासणीही तेथेच झाली पाहिजे, आणि तिचा अर्थ सांगणारी चिठ्ठी मराठीत मिळाली पाहिजे. भाषिक अल्पसंख्याक जेथे 15 टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व केंद्राने कधीच मान्य केले आहे. जी सूचना वाचता येत नाही, ती रोग्याला काय वाचविणार?

ज्या राज्यात आम्हांस डांबले, त्याच्याच दवाखान्यात हात कशाला पसरावा, असे एखाद्या मानी कार्यकर्त्याच्या मनात येईल. त्याला आमचे उत्तर असे की, ही भीक नव्हे. 1 नोव्हेंबर 1956 पासून त्या सरकारच्या तिजोरीत आमचा कर जातो. हा त्याचा परतावा आहे. तो मागितल्याने आमचा दावा तसूभरही ढिला पडत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीपासून कारवार-भालकीपर्यंतच्या तरुण मंडळांना व महिला मंडळांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : आपल्या गावातील मधुमेह्यांची यादी करा, त्यांना आरोग्य केंद्रात न्या, दोन्ही तपासण्या मागा. नकार मिळाला तर तो लेखी घ्या. निकाल लागेल त्या दिवशी गुलाल उधळावयास ही माणसे आपल्यात हवी आहेत!