रिपोर्ट 'योग्य' आला, पण जंतू मेले का?

'जांभूळ जलशुद्धीकरण केंद्र शुक्रवारी दुरुस्तीसाठी बंद' ही बातमी मी आजवर किती वेळा लिहिली, गणतीच नाही. बारवीचं पाणी एमआयडीसी तिथे शुद्ध करून पुढे शहरांना आणि कारखान्यांना देते. बातमीतली शेवटची ओळ ठरलेली असते: 'दुसऱ्या दिवशी पाणी कमी दाबाने येईल.' कमी दाब म्हणजे नेमकं काय, ते आम्ही लिहीत नाही. लाइनमध्ये दाब नसला की गळक्या जॉइंटमधून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं.

मागे एका वस्तीत घरटी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी टाकीत टीसीएल पावडर टाकली आणि मग नमुना घेतला! रिपोर्ट आला, 'पिण्यास योग्य'. मीही तसंच छापून मोकळा झालो. चूक माझीही आहे.

कारण नेहमीच्या तपासणीत जंतूंना खाद्य देऊन उबेत ठेवतात. वाढले तर पाणी अयोग्य, नाही वाढले तर योग्य. पण क्लोरीनचा मार बसला, उपासमार झाली की काही जंतू मरत नाहीत, नुसते निजतात. कॉलराचा जंतू एरवी स्वल्पविरामासारखा वाकडा असतो, तो आक्रसून बारीक गोळीसारखा होतो. प्लेटवर वाढत नाही, पण जिवंत असतो. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 1982 सालीच हे दाखवून दिलंय.

आणि असे जंतू पकडताही येतात. 1979 मध्ये जपानी संशोधकांनी साधी युक्ती काढली. नमुन्यात थोडं खाद्य घालायचं आणि सोबत नॅलिडिक्सिक अॅसिड. या औषधाने जंतूला दुभंगता येत नाही, पण वाढता येतं. मग जिवंत असेल तो काही तासांत लांबट होत जातो, मेलेला आहे तसाच राहतो. रंग देऊन मायक्रोस्कोपखाली मोजायचे. दुसरी रीत श्वसनाची. एक रंगहीन द्रव्य जिवंत पेशीत गेलं की लाल होतं, मेलेलीत होत नाही.

निजलेला प्रत्येक जंतू आजारी पाडतोच असं नाही, त्यामुळे लगेच बाटलीबंद पाण्याकडे धावू नका. पण साथ आली की नमुना टीसीएल टाकायच्या आधी घ्या, एवढं तर जमेल? ठाणे जिल्ह्यात एका तरी सरकारी लॅबमध्ये साथीच्या वेळी ही तपासणी व्हावी. आणि तोवर रिपोर्टवर 'योग्य' नको, 'जंतूंची वाढ आढळली नाही' असं लिहा. दोन्हींत फरक आहे साहेब.

पुढचा शटडाऊन जाहीर झाला की मी एकच प्रश्न विचारणार आहे: पाणी सुरू झाल्यावर लाइनच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट कोण करणार आणि क्लोरीन किती निघालं ते लोकांना कुठे कळणार? उत्तर मिळालं तर इथेच टाकतो. नाही मिळालं तरी टाकतो.