मोसे खोऱ्याला फॅमिली डॉक्टर हवा

आम्ही मोसे खोऱ्यात राहणारी माणसं. दासवे, मुगाव, धामणओहोळ, गडले इथले शेतकरी, कातकरी वस्त्यांवरची कुटुंबं, लवासात घर घेऊन स्थायिक झालेले निवृत्त लोक, हॉटेलांत आणि बांधकामांवर राबणारे कामगार, इथे शिकणारी मुलं. आमच्यातले काही जण डॉक्टर आहेत. जमिनीवरून आणि प्रकल्पावरून आमच्यात टोकाचे मतभेद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. तरीही एका मागणीवर आमचं एकमत झालं आहे : या खोऱ्यात बारा महिने उघडा राहणारा, कुणाच्याही मालकीच्या साखळीत नसलेला छोटा दवाखाना हवा, आणि तो चालता ठेवायची जबाबदारी आपली सगळ्यांची आहे.

मोठं काहीतरी येईल म्हणून आता थांबायचं नाही. लवासा शहराच्या आराखड्यात सगळ्या सोयी होत्या. नोव्हेंबर 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, ऑगस्ट 2018 मध्ये ते बांधणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या काळात माणसं आजारी पडायची थांबली नाहीत. वरसगाव धरणातून आमच्या खोऱ्याचं पाणी पुण्याला जातं. साध्या तापासाठी आम्हीही त्याच वाटेने पुण्याकडे जावं, हे आम्हाला मान्य नाही. पुणं इथून साठ किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेतला टेमघरचा घाट पावसाळ्यात कधी बंद होईल सांगता येत नाही. जुलै 2024 मध्ये लवासातच दरड कोसळून दोन बंगले गाडले गेले.

छोटा दवाखाना काय करू शकतो, हे एका उदाहरणाने सांगतो. लावणीच्या दिवसांत बांधावर कुणाला साप चावला. साप दिसला नाही, पायाला सूज आहे. डॉक्टरने शिरेतून दोन मिली रक्त काढायचं, ते काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत घालायचं आणि नळी वीस मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची. मग ती एकदाच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा संशय पक्का धरायचा आणि प्रतिसर्पविष सुरू करून 108 च्या गाडीने पुढे पाठवायचं. गोठलं तरी रुग्णाला घरी सोडायचं नाही. पुन्हा तपासायचं, आणि पापण्या जड होतात का ते बघत राहायचं, कारण मण्यारीचं विष रक्ताला हात लावत नाही, मज्जातंतू लुळे करतं. याला यंत्र लागत नाही. नळी, औषध आणि रात्री दोन वाजता दार उघडणारा माणूस लागतो.

घाटाखाली, महाडजवळच्या बिरवाडीत, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. त्यावरचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि पुढे प्राझोसिनच्या साध्या गोळीने शेकडो जीव वाचले. लहान जागेतलं वैद्यक कमी दर्जाचं असतं, हा समज आम्ही साफ नाकारतो.

रोजचं काम याहून शांत असतं, आणि आमच्या मते तेच जास्त मोलाचं. आजीची बीपीची गोळी कोणत्या महिन्यात बंद झाली आणि पैशांअभावी झाली की चक्कर येते म्हणून, हे ठाऊक असणारा डॉक्टर पक्षाघात टाळतो. सुनेचं हिमोग्लोबिन, नातवाची लस, वसतिगृहातल्या मुलाची न लागणारी झोप, सारं त्याच्याच वहीत असतं. पण या कामाला आज कुणी पैसे देत नाही. सरकारी योजना आणि बहुतेक विमा पॉलिसी रुग्ण दाखल झाल्यावर जाग्या होतात. दाखल व्हायची वेळच येऊ न देणाऱ्या डॉक्टरला तपासणी फीवरच भागवावं लागतं. त्यातून जागेचं भाडं, नर्सचा पगार, लसींचा फ्रीज, वीज गेली की इन्व्हर्टर. खाट एकही नसली तरी 2016 च्या नियमांप्रमाणे सुया-कापसाची विल्हेवाट लावावी लागते, तिचा खर्च वेगळा. शिवाय उधारीची वही. मग एक तर दवाखाना बंद पडतो, नाहीतर डॉक्टर रुग्ण पुढे पाठवल्याचा कट घ्यायला लागतो. राज्यात 2017 मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला. आम्ही कायद्याची वाट न बघता जाहीर करतो की या दवाखान्यातून पुढे पाठवलेल्या कुठल्याही रुग्णामागे एक रुपयाही घेतला जाणार नाही.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने वर्षाची वर्गणी भरायची. ज्यांचं इथे दुसरं घर आहे त्यांनी जास्त, ज्यांच्या हाताला पावसाळ्यात काम नसतं त्यांनी काही नाही. तपासणीच्या रांगेत मात्र सगळे सारखे. हिशेब दर तीन महिन्यांनी दाराबाहेर लागेल. गरज नसताना सलाइन मिळणार नाही, कुणी कितीही आग्रह धरला तरी, आणि आमच्यातले बरेच जण तो धरतात. डॉक्टरला आठवड्यातून एक दिवस आणि वर्षातून सलग रजा मिळेल, त्या दिवसांसाठी बदली डॉक्टरचा पगार वर्गणीतून जाईल. एकट्या माणसाला चोवीस तास जुंपून चालवलेला दवाखाना त्या माणसाबरोबरच संपतो.

सरकारकडे आमची मागणी आहे की बाह्यरुग्ण तपासणी आणि गोळ्यांचा खर्च आरोग्य योजनांत घ्यावा, आणि प्रतिसर्पविषाचा साठा पावसाआधी पौड या तालुक्याच्या गावापुढे, खोऱ्यात पोचावा.

मे महिन्यात आम्ही घरोघरी फिरणार आहोत. गरोदर बायका, इन्सुलिन घेणारे, दम्याचे रुग्ण, एकटे राहणारे म्हातारे यांची नावं, आणि दरड पडली तर त्या घरापर्यंत पायी कुठून जायचं, हे लिहून घ्यायचं आहे. दोघं-दोघं जाऊ. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपली वस्ती निवडून कळवावी.